कानबाईच्या आधी उघडलेली बोटं

एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी मोठ्या प्रेमाने माझा हात हातात घेतला आणि मी तो सोडलाच नाही. मामा ओशाळले, मामी बघायला लागल्या. मी आपली घड्याळाकडे डोळे लावून त्यांची नाडी मोजत उभी. जेवणाच्या पंगती उठत होत्या आणि मी म्हणाले, "मामा, जेवण झालं की दवाखान्यात या. मठ्ठा पिऊ नका, झोपू नका, सरळ या." मामा आले आणि पुढे बरेही झाले. पण त्या घरातून मला लग्नाचं आमंत्रण परत कधी आलं नाही.

शहाद्याला फिजिशियन म्हणून माझा दवाखाना आहे. लोक मला 'मोठी डाक्तरीन' म्हणतात. उंचीने मी पाच फुटांच्या आतबाहेर असले तरी. स्वस्थ बसणं मला जमत नाही ही घरच्यांची जुनी तक्रार, आणि ती खरी आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "हृदयाच्या ठोक्यांबद्दल काहीतरी उपयुक्त लिहा" असं सांगितलं, तेव्हाही मी फोनवर बोलत ओसरीत येरझारा घालत होते. उपयुक्त ते सगळं हल्ली मोबाइलवर मिळतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं. मी आपलं घडलेलं सांगते.

त्याआधी धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढे अडणार नाही. नाडी जलद लागली म्हणून आम्ही डॉक्टर लगेच घाबरत नाही. जिना चढलात, भांडलात, ताप आला, की ती पळणारच. घाबरायचं ते तिची लय मोडली की. पिठाची गिरणी चालू असते तेव्हा तिच्या आवाजाकडे आपलं लक्षही जात नाही, कारण तो एकसारखा असतो. तोच आवाज मधेच दोनदा झाला, मग थांबला, मग घाईघाईने चारदा झाला, तर गिरणीवाला जेवणावरून उठून धावेल. हृदयाचंही तसंच आहे. वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहिले की खालचे कप्पे मनाला येईल तसे ठोके टाकतात. आम्ही त्याला एएफ म्हणतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं, साचलेलं रक्त गोठतं, आणि ती गुठळी सुटून मेंदूत गेली की धडधाकट माणूस चहाचा कप तोंडाला लावता लावता लुळा पडतो. हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मी लोकांच्या मामांचे हात सोडत नाही.

लय मोडायची कारणं पुष्कळ. आमच्या भागात त्यातलं एक कारण फार गोड वेषात येतं. ते म्हणजे सांधेदुखीवरची पांढरी गोळी. स्टेरॉइड.

धडगावकडच्या डोंगरातून एक गृहस्थ आले होते. घरी पावरी बोलणारे, मराठी जेमतेम. जीपचा ड्रायव्हर दुभाष्या. छातीत काय होतं विचारल्यावर त्यांनी दोन्ही कोपर बरगड्यांवर आपटून दाखवले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आत कोंबडी धरल्यासारखं वाटतं म्हणतो." इतकं अचूक वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. गुडघ्यांसाठी ते आठवडी बाजारातून 'वाताची पुडी' घेत होते. मी म्हटलं, पुढच्या वेळी ती पुडी घेऊन या. पुढच्या वेळी ते पुडी विकणाऱ्यालाच घेऊन आले. त्यांना वाटलं, दोन डॉक्टरांची गाठ पडली तर बरंच होईल. तो इसम माझ्यासमोरच्या खुर्चीवर आरामात बसला आणि म्हणाला, "मॅडम, आपण एकाच लायनीतले." पुडीत कुटलेली पांढरी गोळीच होती. मी त्याला काय काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

पण पुडीवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. तीच गोळी मीही देते आणि विचार करून देते. आमवात नावाचा आजार असतो. त्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. सकाळी बोटं उघडत नाहीत, केसांत कंगवा धरता येत नाही, लोटा उचलत नाही. अशा बाईला थोड्या मात्रेत स्टेरॉइड दिलं की ती परत माणसात येते. औषध वाईट नाही. ते फार लवकर, फार चांगला गुण देतं, हीच त्याची खोड.

प्रकाशा गावच्या वेणूबाई अशाच माझ्याकडे येत. साठी ओलांडलेल्या, काटक, कपाळावर भलंमोठं कुंकू, जिभेला धार. तापीकाठी शेती, घरात त्या आणि त्यांचे यजमान अण्णा असे दोघंच. मुलगा आणि सून सुरतेला नोकरीला, सणाला येणार आणि जाणार. वेणूबाईंना आमवात जुना. मी त्यांना बाकीच्या औषधांबरोबर सकाळी एक छोटी पांढरी गोळी देत असे. त्यावर त्यांची बोटं अर्धीमुर्धी उघडायची. पण त्यांचं त्यावर समाधान नसे. "ताई, येखादी वाढाय दे ना," असं दर वेळी म्हणायच्या आणि मी दर वेळी नाही म्हणायचे.

श्रावणात एके दिवशी अण्णा त्यांना घेऊन आले. तक्रार अण्णांचीच होती.

"ताई, हाई बाई झोपस नई," ते म्हणाले. "आख्खं घर सारवी टाकं, भांडा घासी टाकात, मायावरना डबा काढीसन पुशी टाकात. यंत्रनामायेक चाली ऱ्हायनी. आनि आज सकायपशी म्हनस, छातीमा कायतरी व्हई ऱ्हायनं."

"काई नई व्हत," वेणूबाई म्हणाल्या. "यासले सवय शे बोलानी."

मी हात धरला. नाडीला ताल नव्हता. दोन ठोके लगटून, एक गाळलेला, तीन पळालेले, एक इतका बारीक की बोटाला लागलाच नाही. ईसीजी काढला. एएफच. रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलेलं, साखर चढलेली, चेहरा सुजून गोल झालेला. आणि या सगळ्यात मला एकच गोष्ट विसंगत दिसत होती. वेणूबाईंची बोटं सरळ होती. गेल्या खेपेला जिला माझं पेन धरता आलं नव्हतं ती बाई तपासणीच्या टेबलाची कड मुठीत आवळून बसली होती.

नाडी बिघडलेली आणि हात सुधारलेले. माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच होतो.

"किती गोळ्या घेताय?" मी विचारलं.

"तू दिधी तितलीच."

"वेणूबाई, माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी अण्णांकडे बघितलं. मी अण्णांना बाहेर पाठवलं. दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "हात उघडी गयात ना माय. दख." आणि त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले. शाळेतल्या मुलीने नखं दाखवावी तसे. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला रागावणं अवघड गेलं. तरी मी रागावलेच.

मग हळूहळू कळलं. कानबाई आठ दिवसांवर आलेली होती. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर देवी मांडायची, जागरण करायचं, फुगड्या खेळायच्या, सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायचा. आधी गहू धुऊन, वाळवून, दळून नैवेद्याचे जाड पोळ्यांसारखे रोट करायचे. माझ्या माहेरी तळोद्यालाही कानबाई बसायची, तेव्हा या सणात बाईच्या हातांना किती काम असतं ते मला सांगावं लागत नाही. वेणूबाईंच्या घरी तर गहू अजून जात्यावर दळायची रीत. गेल्या वर्षी त्यांना खुंटा धरवला नव्हता. अण्णा तेव्हाच म्हणाले होते, तुझ्याने होत नाही, सून इथे राहत नाही, औंदा कानबाई शेवटची. पुढच्या वर्षापासून बसवायची नाही. वेणूबाईंनी एक वर्ष मागून घेतलं होतं; यंदा हात चालले तरच कानबाई घरात राहणार होती.

"सासूनी मन्हा हातमा दिधी व्हती," वेणूबाई म्हणाल्या. "मन्हा हातथीन कशी बंद व्हऊ देऊ?"

म्हणून त्यांनी गोळ्या चौपट केल्या होत्या. हात उघडले, भूक वाढली, झोप उडाली, अंगात वारं शिरलं. स्टेरॉइड जास्त झालं की माणूस असा सैरभैर होतो. त्यांना वाटलं देवीनेच बळ दिलं. इकडे लघवीवाटे पोटॅशियम निघून चाललं होतं, त्यात श्रावणाचे उपास, आणि हृदयाचा ताल सुटला.

"जास्तीच्या गोळ्या आणल्या कुठून?"

या प्रश्नावर मात्र त्यांनी पसरलेले पंजे पदराखाली घेतले. औषधाच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर आणल्या असतील असं मी धरून चालले आणि त्या अनोळखी दुकानदारावर मनातल्या मनात दात-ओठ खाऊन घेतले.

मी त्यांना भरती केलं. शिरेतून पोटॅशियम, ठोके आवरायचं औषध, रक्त पातळ ठेवायचं औषध. अण्णांना सगळं समजावून सांगितल्यावर ते तडक म्हणाले, "मंग ती पांढरी गोळी बंदच करी टाका ना ताई. फेकी देऊत."

"अजिबात नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की नर्स आत आली. हा मुद्दा मी आयुष्यभर ओरडून सांगत आले आहे, इथेही सांगते. आपल्या मूत्रपिंडांवर दोन इवल्या ग्रंथी असतात. शरीराला रोज लागतं तेवढं स्टेरॉइड त्या स्वतः बनवतात. ते बाहेरून वर्षानुवर्षं मिळत गेलं की त्या काम सोडून झोपी जातात. अशा वेळी गोळी एकदम थांबवली तर शरीराकडे आतलंही नाही आणि बाहेरचंही नाही. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस हातातून जातो. कमी करायची तर हळूहळू, पायरी पायरीने. अण्णा मान डोलावत होते, आणि वेणूबाई पलंगावर एकदम ताठ उठून बसल्या.

"येकदम बंद करी तं मानूस मरस?" त्यांनी विचारलं.

"मरू शकतो. म्हणून तुमची मी बंद करत नाहीये. काळजी करू नका."

पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. मला वाटलं, स्वतःच्या जिवाला भ्यायल्या. बरं झालं, जरा भीती हवीच.

त्या दिवसापासून त्यांनी घरी जायचा धोशा लावला. ठोक्यांचा वेग आटोक्यात येत होता, ताल मात्र परत येत नव्हता. मी म्हणे, कानबाई होऊन जाऊ द्या, तोवर इथेच राहा. त्या म्हणत, माले आज सोड, आत्ते सोड. पलंगावरून पाय खाली सोडून बसायच्या, दाराकडे बघत राहायच्या. घरी कोणाला तरी काही सांगायचंय असं म्हणायच्या; मी फोन पुढे केला की, "फोनवर नई सांगता येत," म्हणून तोंड फिरवायच्या. मलाही त्यांचं हे तळमळणं लागलं. राउंड संपला तरी मी त्यांच्या पलंगापाशी चौथ्यांदा-पाचव्यांदा जाऊन नाडी बघायचे आणि काहीतरी कारण काढून चिडायचे.

शनिवारी सुरतेहून मुलगा आणि सून रेखा आले. वेणूबाईंनी हातातली सुई काढायला सुरुवात केली तेव्हा मी हार मानली. अटी घातल्या: जात्याला हात लावायचा नाही, फुगडी नाही, चौरंग डोक्यावर घ्यायचा नाही, तो रेखा घेईल. गोळ्या माझ्या चिठ्ठीप्रमाणेच. वेणूबाईंनी सगळ्याला हो म्हटलं. जे पेशंट सगळ्याला हो म्हणतात त्यांची मला धास्ती वाटते.

रविवार मी कसाबसा काढला. सोमवारी सकाळी ओपीडी उशिरा ठेवली, इमर्जन्सीची बॅग गाडीत टाकली आणि प्रकाशाला निघाले. आमचे यजमान म्हणाले, "कानबाईला चाललीस की पेशंटला?" ते मलाच माहीत नव्हतं.

गल्लीत पोचले तर मिरवणूक निघालेली होती. पुढे वाजंत्री, मागे बायका, आणि सगळ्यांच्या मधोमध चौरंग डोक्यावर घेऊन वेणूबाई. रेखा बाजूने चालत होती आणि मला बघताच तिने "मी काय करू?" असे हात केले. वेणूबाईंची दोन्ही हातांची बोटं चौरंगाच्या कडेला घट्ट होती. इतक्या दिवसांचं जास्तीचं औषध अजून अंगात शिल्लक होतं. मला बघून त्या हसल्या. मी एवढी संतापले की सरळ त्यांच्या शेजारी घुसले आणि चालता चालता कोपराच्या आतल्या बाजूला नाडी चाचपडू लागले. ती तशीच, बेताल. बायका मला बाजूला होण्याच्या खुणा करत होत्या. मी झाले नाही.

वेणूबाईंचं मात्र माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या डोक्यावरचं ओझं सावरत सारख्या मान न हलवता डोळे फिरवत होत्या, गर्दीत कोणालातरी शोधत होत्या.

घाटाच्या पायऱ्यांपाशी पोचलो आणि उजव्या हाताला, गर्दीपासून लांब, भिंतीला टेकून उभी असलेली एक म्हातारी बाई खाली बसली. बसली म्हणजे घसरलीच. अंग थरथरत होतं, मान एका बाजूला, डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून काहीतरी पुटपुटणं.

"आंगमा उनी!" कोणीतरी ओरडलं. "कानबाई उनी वं आंगमा!"

झालं. वाजंत्र्यांनी जोर धरला. बायकांनी तिच्याभोवती कडं केलं. कोणी तिच्या कपाळावर कुंकू लावलं, कोणी ओटी भरली, एकीने तर आपल्या नातवाला तिच्या पायांवर घातलं. कानबाईच्या मिरवणुकीत कोणाच्या तरी अंगात येणं आमच्याकडे नवं नाही, आणि आलं की तिला अडवायचं नसतं. मीही क्षणभर तशीच उभी राहिले. माझं सगळं ध्यान वेणूबाईंच्या हृदयात अडकलेलं.

आणि वेणूबाईंनी डोक्यावरचा चौरंग रेखाच्या हातात दिला. दिला म्हणजे ढकललाच. कडं तोडून त्या आत गेल्या आणि इतक्या मोठ्याने ओरडल्या की वाजंत्री थांबली.

"सोने! ओ सोने! व्हा बाजूले सम्द्या! तिना आंगमा काई नई उनं वं! तिन्या गोळ्या मन्हा पोटमा शेतस!"

ते वाक्य कानावर पडलं आणि त्या जास्तीच्या गोळ्या कुठून आल्या ते मला एका झटक्यात कळलं. मी बॅग उघडत धावले.

सोनाबाई ही वेणूबाईंची सख्खी धाकटी बहीण आणि जाऊसुद्धा. दोघी बहिणी एकाच घरात दोघा भावांना दिलेल्या. भावाभावांत गोठ्याच्या भिंतीवरून बिनसलं, घराचे दोन भाग झाले, आणि कित्येक वर्षं या घरचं त्या घरी कोणी जात नव्हतं, की कानबाईचं बोलावणं नव्हतं. पण मागच्या अंगणात, भांडी घासायच्या जागेवर, भिंत कंबरेएवढीच होती. पुरुष माणसं तिकडे फिरकत नाहीत. दोघींना दुखणंही एकच, आमवात. सोनाबाई नंदुरबारच्या डॉक्टरांकडची तीच पांढरी गोळी अनेक वर्षं घेत होत्या. हे मला त्या दिवशी दुपारनंतर कळलं. घाटावर मला एवढंच समजलं की जिच्यावर माझी नजर खिळली होती ती बाई उभी होती, आणि जिला मी कधी पाहिलंही नव्हतं ती हातातून चालली होती.

अंग थंडगार, घामाने चिंब. मनगटाला नाडी लागेना. मानेला लागली, दोऱ्यासारखी बारीक आणि धावती. रक्तदाबाच्या यंत्राने आकडा दाखवायला नकार दिला. कुंकू सगळ्या चेहऱ्यावर ओघळलं होतं. मी बॅगेत स्टेरॉइडचं इंजेक्शन ठेवते, ठेवतेच. ते दिलं. रेखाच्या नवऱ्याने सलाइनची बाटली हात वर करून धरली. वेणूबाई बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि तिला अखंड शिव्या देत होत्या.

"तुले सांगं व्हतं ना, तुन्ही तू ठेव म्हनीसन! म्हने मन्हापान पडेल शेतस! खोटी रांड! आठ दिन पहिले मालूम पडनं माले, मरस म्हनीसन. मी कथाईन सांगू तुले? दवाखानामाईन कशी सांगू?"

गोळ्या देताना सोनाबाईंनी आपल्याकडे जास्तीच्या पडून आहेत असं सांगितलं होतं. सुटून घरी आल्यावर वेणूबाई भिंतीपाशी दोनदा गेल्या होत्या. पाहुण्यांनी घर भरलेलं, मागच्या अंगणातही चूल मांडलेली, चार बायका तिथे बसलेल्या. पलीकडून सोनाबाई आल्याच नाहीत. त्या आत पडून उलट्या काढत होत्या.

औषधाने गुण दिला. बऱ्याच वेळाने मनगटाला नाडी लागली तेव्हा मी घाटाच्या पायरीवर मटकन बसले आणि मला रडू आलं. डॉक्टरने पेशंटसमोर रडू नये म्हणतात. अर्ध्या गावाने पाहिलं. तापीत कानबाईला आंघोळ घालून रेखाने चौरंग एकटीने परत नेला.

दोघींना मी माझ्याच दवाखान्यात आणलं. समोरासमोरच्या पलंगांवर. एकीला औषध जास्त झालं म्हणून, दुसरीला तेच औषध तुटलं म्हणून. मी तेव्हापासून प्रत्येकाला विचारते, घरात, शेजारी, भाऊबंदात हीच गोळी आणखी कोण घेतं? लोकांना वाटतं बाईंना चौकशा फार. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी सोनाबाई उठून बसल्या. वेणूबाईंपेक्षा लहानखुऱ्या, शांत. गोळ्या बंद पडल्यामुळे त्यांची बोटं पार मिटली होती; पाण्याचा पेला त्या दोन मनगटांत धरून पीत होत्या. मला राहवेना. राउंडच्या वेळी मी त्यांच्यावर तोंड सोडलं. म्हटलं, स्वतःच्या औषधातली एकही गोळी मागे न ठेवता सगळी बहिणीला देऊन टाकायची, ही कसली अक्कल? हात तुम्हालाही आहेत ना? ते नको होते उघडायला?

त्या आपल्या मिटलेल्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "तिना हात उघडाले पाहिजे व्हतात ताई. कानबाई तिना घरमा बसस. मन्हा हात उघडीसन मी काय करू? माले कोन बलावस?"

वेणूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी मागे वळले तर दारात अण्णा उभे होते, हातात कापडाने बांधलेला डबा. त्यांनी ऐकलं होतं.

जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, भांडण असो वा नसो. सोनाबाईंनी घाईघाईने मनगटाने पदर पुढे ओढला. अण्णा पलंगापासून दोन पावलांवर येऊन थांबले, माझ्याकडे बघत, आणि माझ्याशीच बोलले.

"ताई, तिले सांगा. रोट उरेल शेतस. रोट भाऊबंद सोडीसन कोनले देतस नई, तुमले मालूमच शे. हाऊ तिना वाटाना शे."

हाताच्या अंतरावर बसलेल्या बाईला मी निरोप सांगितला. म्हटलं, "सोनाबाई, अण्णा म्हणतात, हा तुमच्या वाटणीचा आहे."

त्यांनी डबा मांडीवर घेतला, पण झाकण काही निघेना. अण्णांना पुढे होता येत नव्हतं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. मी बाहेरची, रोटाला माझा हात चालत नाही. समोरच्या पलंगावरून वेणूबाई उठल्या, सलाइनचा खांब ढकलत आल्या, बहिणीशेजारी बसल्या. गोळी मूळच्या मात्रेवर आली तशी त्यांचीही बोटं परत आखडायला लागली होती. एकीने डबा कोपरांत दाबून धरला, दुसरीने झाकण दातांनी उचकटलं. रोट दोन तळव्यांच्या मधे धरून वेणूबाईंनी कसाबसा मोडला आणि मोठा तुकडा सोनाबाईंच्या तोंडाशी नेला.

"खाय," त्या म्हणाल्या, "नई तं परत देवी येई तुन्हा आंगमा."

सोनाबाई रोट चावता चावता रडायला लागल्या. अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला तिथे काही काम नव्हतं, तरी मी थांबले.